आत्याच्या पाठीत धपाटे

"रिपोर्ट येईपर्यंत मी पोरीच्या कानात नाव सांगणार नाही," मी रविराजला फोनवर ठणकावलं. "आत्या मी आहे, तू नाहीस."

"ताई, आज बारसं ना!"

"श्यामचं मुहूर्त बघूनच केलं होतं. काय झालं?"

रविराज माझा भाऊ. श्याम त्याचं पहिलं बाळ. दात यायच्या आत गेला. नाव माझ्याच तोंडून गेलेलं, म्हणून धास्ती मला जास्त.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. छातीच्या हाडामागं एक ग्रंथी असते, तिथं टी पेशी घडतात. प्रत्येक पेशी आपल्या जीनचे तुकडे कापते, मधलं काढून टाकते, उरलेलं नव्यानं जोडते. दरेकीचा जोड वेगळा, म्हणून कुठलाही जंतू आला तरी कुणीतरी त्याला ओळखतेच. श्यामच्या पेशींची ही कात्रीच बिघडलेली. काढून टाकलेल्या तुकड्याची बारीक रिंग होऊन पेशीत राहते. या पोरीच्या रक्तात त्याच रिंगा शोधताहेत. मी कसबा पेठेत ब्लाउज शिवते, मला हे लगेच कळलं. खाली कातरण पडलं नसेल तर काम झालं कशावरून?

पहिलं रक्त पुरलं नाही म्हणून परत घेतलं. तेव्हापासून जीव टांगणीला. तिकडे कर्वेनगरला बाळाजवळ आई उत्कर्षाशिवाय कुणी जायचं नाही, बीसीजीची लससुद्धा थांबवलेली. इकडे मी शेजारच्या अख्तरबानूच्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

ती समोरच बसली होती. "असू दे," म्हणाली, "मला कुठं लग्नाला जायचंय?" लग्नालाच जायचं होतं तिला.

परत फोन वाजला. मला उचलवेना. अख्तरबानूनं उचलून माझ्या कानाला लावला. रविराज रडत होता. संपलं, मला वाटलं.

"ताई, रिंगा आहेत. भरपूर आहेत. टी पेशी नीट बनताहेत म्हणाल्या बाई."

"मग रडतोस काय गाढवा?" म्हणाले, आणि मलाच रडू फुटलं.

"फोन उत्कर्षाकडे देतो, ती बाळाच्या कानाशी धरेल. सांग आता."

आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. इथं बायका कुठल्या? मी अख्तरबानूकडे पाठ केली. "घाल."

तिनं हळूच थोपटलं.

"जोरात. बाह्यांचा राग काढ."

तिनं काढला.

"कुर्रर्र," मी फोनमध्ये म्हणाले, "मुक्ताई."

पलीकडे पोरीनं भोकाड पसरलं. धपाटे थांबले तरी मी वाकूनच राहिले, ते रडणं ऐकत.