शनिवार मोकळा नाही

शुक्रवारी संध्याकाळी कोनादु इस्त्री घेऊन बसली की कुमासी शहरातल्या त्या गल्लीतल्या बायका ओळखायच्या, उद्या कुठेतरी मयत आहे. त्यात फार हुशारी नव्हती. कोनादु दर शुक्रवारी इस्त्री करायची आणि मयत दर शनिवारी असायचंच. आमच्या अशांती मुलखात माणूस कुठल्याही वारी मरो, त्याचं मयत शनिवारीच होतं. तोवर त्यानं बर्फाच्या खोलीत वाट बघायची. मुलांना रजा मिळायला हवी, मांडववाला मोकळा हवा, घराच्या दर्शनी भिंतीला रंग लागायला हवा. तेपा गावच्या एका म्हाताऱ्याला तर मुलांची सवड जुळेपर्यंत इतकं थांबावं लागलं की अखेर त्याला बाहेर काढला तेव्हा त्याचा धाकटा भाऊ त्याच्याहून म्हातारा दिसत होता. ही गोष्ट खोटी आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतील, पण त्यातला एकेक जण त्या मयताला जेवून आलेला आहे.

कोनादु एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. नवरा बंदरावर नोकरीला, महिन्यातून एकदा घरी यायचा. मुलं वसतिगृहात. कामाचा आणि आयुष्याचा तोल कसा सांभाळावा, यावर कंपनीनं एकदा एक टाय लावलेला वक्ता आणून सगळ्यांना दिवसभर बसवलं होतं. आठवड्याचे वाटे करा, ज्याचं त्याला द्या, असं तो म्हणाला. कोनादुनं मन लावून वाटे केले. सोमवार ते शुक्रवार कचेरीला, शनिवार मयतांना, रविवार देवाला. रजा होत्या, पण त्या जवळच्या नात्यातल्या मयतांसाठी राखून ठेवलेल्या. तोल असा नेटका साधला होता की आईला कुठेही ठेवली असती तरी तराजू कलंडला असता. म्हणून आई बिरागो तासाभराच्या वाटेवर गावी राहायची आणि फोनवर भेटायची.

त्या शुक्रवारीही फोन आला. कोनादुनं तो खांद्यात धरला आणि काळ्या कापडाच्या चुण्या मोडत राहिली.

"जेवलीस का गं?"

"जेवते आई. इस्त्री चाललीय."

"आता कोण गेलं?"

"आमच्या साहेबांचे सासरे."

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"म्हणजे त्यांना काही घाई नाही," आई म्हणाली. "मला थोडी आहे बाई. डोळ्यांपुढे नुसता धूर असतो आता. परवा रश्श्यात मीठ म्हणून साबणाची पूड घातली. तुझा मामा दोन वाडगे प्यायला आणि म्हणाला, आज चव वेगळीच साधलीय."

कोनादु हसली. हसून झाल्यावर तिला वाटलं, हसायला नको होतं.

"आई, मामांबरोबर ये ना दवाखान्यात."

"तो म्हणतो, म्हातारपणी डोळे जायचेच, त्यात डॉक्टर काय करणार. आणि नर्सबाई म्हणाली, ऑपरेशन झाल्यावर थेंब घालायला घरचं माणूस लागेल. तुझा मामा डोळ्यातले थेंब नाकात घालील."

"पुढच्या शनिवारी..." कोनादु म्हणाली आणि थांबली. पुढच्या शनिवारी फोरिवाच्या मावशीचं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांचं. "बघते, आई. नक्की बघते."

"बघ हं. तुला दिसतंय तोवर बघ." आईनं मग विचारलं, "साहेबांचे सासरे कुठले म्हणालीस?"

"तुमच्याच बाजूचे. आपल्या फाट्याच्या पुढचं गाव."

"मग घर वाटेतच लागतं की."

"कचेरीची बस आहे गं. एवढ्या लोकांना एका घरासाठी कशी थांबवू?"

"नको बाई. मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बस फाट्यावरून गेली तेव्हा कोनादु बरोबर त्याच वेळी पर्समध्ये काहीतरी शोधत होती. फाटा मागे पडल्यावर तिनं पर्स मिटली. काही सापडलं नव्हतं. शेजारी फोरिवा पावडर लावत होती. फोरिवा म्हणजे तिच्या टेबलासमोरची मैत्रीण, कुठल्या मयतात कोंबडी मिळते आणि कुठे नुसता भात, हे तिला मयत ठरायच्या आधी ठाऊक असे.

साहेबांच्या सासऱ्यांचं मयत दिमाखदार होतं. मांडव रस्त्यापर्यंत आलेला, कर्णे असे लावलेले की झाडावरच्या कावळ्यांनी गाव सोडलेलं. घर ताज्या पिवळ्या रंगात झळकत होतं. अंगणात नवा नळ, परसात फरशीचा संडास, जिन्याला कठडा.

आत शिरताना रिवाज तोच. बसलेल्या रांगांपुढून उजवीकडून डावीकडे जायचं, एकेकाचा हात हातात घ्यायचा, "दुए, दुए" म्हणायचं. म्हणजे, सोसा, सोसा. कोनादुचा उजवा हात हे काम इतक्या वर्षांत एकटा शिकला होता. डाव्या हातात फोन होता आणि फोनमध्ये साहेब मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून विचारत होते, सगळे पोहोचले का. म्हाताऱ्या बायकांच्या रांगेत एका हातानं तिचा हात धरला तो सोडेच ना. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. कोनादुनं "दुए, आजी, सोसा" म्हणत ती बोटं एकेक करून हलकेच सोडवली आणि पुढे सरकली.

मग खुर्ची मिळाली, जेवणाचा डबा मिळाला. पलीकडच्या खुर्चीवरची एक शेजारीण वाऱ्यानं उडणारा पदर सावरत म्हणाली, "तो नळ बघितलात? म्हातारा हयात होता तोवर पोरांना सांगून थकला. घरात नळ द्या रे, ओढ्यावरून पाणी आणवत नाही. आता आला बघा नळ. पाहुण्यांना हात धुवायला."

कोनादुनं हातातला घास डब्यात परत ठेवला. तिच्या आईनं काय काय मागितलं होतं, ते तिला आठवायला लागलं, आणि हे आठवणं लवकर संपेना.

"ए," फोरिवानं कोपर मारलं. "मघाशी तुझा हात धरून बसलेली ती म्हातारी बघ. अजून मूठ उघडलेली नाही तिनं. तुझी अंगठी तर नाही ना काढून घेतली?"

कोनादुनं वळून पाहिलं. आधी दिसले मामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ आग्येकुम, घराण्याचे प्रमुख. हातात काठी, अंगावर लाल-काळं कापड. त्यांच्या शेजारी एक म्हातारी मूठ मिटून मांडीवर धरून बसली होती, आणि चेहरा कर्ण्याकडे होता, माणसांकडे नव्हता. डबा तसाच ठेवून कोनादु उठली. मांडव ओलांडून ती त्यांच्यापुढे गेली.

"आई. तू इथे?"

"मयताला आले," बिरागो म्हणाली. "तू दुसरीकडे कुठे भेटतेस?"

"मघाशी मी... मघाशी तू बोलली का नाहीस गं?"

"मागे रांग होती ना. लोक खोळंबले असते. आणि तू म्हणालीस, सोसा आजी. म्हटलं, सोसावं थोडं." तिनं मूठ उघडली, रिकामी होती. "बोटं सोडवलीस ना, तेव्हा खात्री पटली. शाळेच्या दारात अश्शीच सोडवायचीस, एकेक करून. तेव्हा मी रडायची, घरी जाऊन."

कोनादु तिच्यापुढे जमिनीवर बसली, इस्त्रीच्या कापडासकट. तिला माफी मागायची होती. पण कर्ण्यावर तिच्याच कंपनीच्या नावानं दुखवट्याची रक्कम पुकारली जात होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. टाळ्या थांबेपर्यंत तिनं आईचा रिकामा हात धरून ठेवला.

बसनं भोंगा दिला. फोरिवा धावत आली.

"चल की. बस निघाली."

"तू जा. मी आईबरोबर राहते. सोमवारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार आहे, रजा टाक माझी."

"साहेबांना काय सांगू? काय झालंय आईला?"

"काही नाही," कोनादु म्हणाली. "जिवंत आहे."

"पुढच्या शनिवारी माझ्या मावशीचं विसरू नकोस," एवढं म्हणून फोरिवा बसकडे गेली. मामांनी काठी आपटली.

"हे बघ कोनादु, दवाखान्याला ने, माझं काही म्हणणं नाही. पण पुढच्या शनिवारी तुझ्या मैत्रिणीच्या मावशीच्या मयताला जायचं चुकवू नकोस."

"मी आता दर शनिवारी गावी येणार आहे मामा."

"आणि मयतं?"

"ज्यांना जिवंतपणी ओळखत होते त्यांच्याच. बाकीची नाहीत."

"डोकं फिरलंय का तुझं? आज तू त्यांच्याकडे गेलीस तर उद्या ते आपल्याकडे येतात. माझ्या बहिणीच्या मयताला मांडवात कुत्रं फिरकायचं नाही मग. गाव म्हणेल, बिरागो वांझ होती की काय. रिकाम्या खुर्च्या बघायला मी जगायचं?"

घाव वर्मी होता. याच एका भीतीनं कोनादुला वर्षानुवर्षं लोकांच्या मांडवांत बसवलं होतं. आईचं मयत भरलेलं असावं म्हणून तिनं आईचे शनिवार एकेक करून वाटून टाकले होते. ती काही बोलणार तेवढ्यात आईच म्हणाली,

"असू देत रे दादा रिकाम्या. मी कुठे मोजायला बसणार?"

"मामा," कोनादु म्हणाली, "आई गेली की आठवड्याच्या आत तिला माती देऊ. बर्फात ठेवायचं नाही, माझ्या सवडीसाठी तर नाहीच. आणि तिच्या मयतासाठी तुम्ही निवडून ठेवलेला भिंतीचा रंग आताच लावा. तिला बघू दे."

"लोक हसतील."

"हसू देत. आजवर रडत होते तेही खोटंच होतं."

मामा उठून गेले ते त्या दिवशी परत आले नाहीत.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, त्याला गोड बोलायला वेळ नव्हता. डाव्या डोळ्यात काचबिंदू होता, तो डोळा गेला होता. उजव्यात मोतीबिंदू, तो काढता येईल. "वर्षभर आधी आणलं असतंत तर दोन्ही वाचले असते," तो म्हणाला आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. कोनादु बाकावर बसली. वर्षभरापूर्वी आपण शनिवारी कुठे होतो, ते तिला स्पष्ट आठवत होतं. जेवण काय होतं तेसुद्धा. ज्याचं मयत होतं त्याचं नाव मात्र आठवेना.

फोरिवाच्या मावशीच्या मयताला ती गेली नाही. फोरिवानं महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं. कचेरीत लोक म्हणाले, मोठा हुद्दा मिळाल्यापासून चढलीय. चर्चमधल्या बायकांनी तिच्या शेजारची जागा मोकळी ठेवायला सुरुवात केली. कोनादु ऐकून घ्यायची. कोणी तोंडावर विचारलंच तर सांगायची, "माझ्या आईच्या मयताला येऊ नका. यायचं असेल तर आत्ता या, ती अंगणात बसलेली असते." आलं फारसं कोणी नाही. आले ते दोघे-तिघे मात्र घरी परतल्यावर आपापल्या गावी फोन लावताना दिसले.

पट्टी सोडली तो दिवस शनिवारच होता. नर्सबाईनं कापूस अलगद काढला आणि म्हणाली, "हळूच उघडा, आजी." बिरागोनं डोळा उघडला. आधी खिडकीकडे पाहिलं, मग समोर बसलेल्या बाईकडे. बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हातांत तो चेहरा धरला आणि कपाळावरच्या पांढऱ्या बटेवरून अंगठा फिरवला.

"अगं, तू म्हातारी झालीस की," ती म्हणाली. "कधी झालीस?"

दर शनिवारी कोनादुला थोडी थोडी म्हातारी होताना ज्यांनी पाहिलं होतं, ते सगळे या वेळी कुठल्यातरी परक्याच्या मांडवात बसले होते.