उभी गाडी

“डोळा माझा गेला नाही. वरच्यांची नियत गेलीय,” असं म्हणत भीमराजनं कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू काढला आणि हरवू नये म्हणून ओठांत धरला. बाजूचा पत्रा निघाला तशी आतली धूळ लादीवर सांडली. “ज्यांनी जन्मात कधी बोनेटवर हात फिरवून बघितला नाही, ते मला सांगणार तुला रंग कळत नाही म्हणून.”

“बाबा, स्क्रू तोंडात नका घालू,” मिनल म्हणाली.

त्यानं स्क्रू काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि उघड्या पेटीत डोकावला. पेटी मिनलची. डिप्लोमाला असताना एका ऑफिसनं काढून टाकलेला कॉम्प्युटर तिनं घेतला होता आणि त्याच्यावरच शिकून ती आता भोसरीत दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागली होती. चिखलीच्या या दोन खोल्यांत आजवर त्या पेटीला कुणी हात लावला नव्हता. आज रविवार, आणि सकाळपासून बाप पान्याऐवजी तिचा बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता.

कारण साधं होतं. उद्या त्याला चाकणला कंपनीत बोलावलं होतं.

भीमराज लाइनच्या शेवटी उभा राहणारा माणूस. गाडी रंगून, जोडून पुढे आली की वर ट्यूबांची रांग असलेल्या बोगद्यात ती त्याच्यासमोर थांबायची. गाडीचं अंग कंपनीत रंगायचं, पुढचा-मागचा बंपर बाहेरच्या कारखान्यातून रंगून यायचा. दोन्ही एका रंगाचे दिसतात का, हे बघून तो गाडी सोडायचा. नवा रंग आला. कागदावर त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, लाइनवर सगळे जांभूळ म्हणायचे. जांभळाच्या गाड्या बाहेर गेल्या आणि उन्हात उभ्या राहिल्या की बंपर वेगळाच, तांबूस दिसायला लागला. गिऱ्हाइकं बोंबलली, गाड्या परत आल्या. मग नोटीस निघाली, की तपासणाऱ्याची नजर वयामुळे कमी झाली आहे. खाली कुणाचं नाव नाही, नुसतं ‘व्यवस्थापन’. भीमराजला घरी बसवलं. उद्या एक तर नजर गेल्याचं कबूल करून सही करायची आणि मानानं निवृत्त व्हायचं, नाही तर चौकशीला उभं राहायचं.

घरात तो वरच्यांना शिव्या घालायचा. पण रोज सकाळी बायकोच्या, सरूबाईच्या, शिलाईच्या डब्यातली रिळं काढून खिडकीशी घेऊन बसायचा. तांबडं, विटकरी, मरून, वांगी. एकाशेजारी एक लावायचा, परत मोडायचा, परत लावायचा. सरूबाई बघायची आणि रिळं डब्यात भरून ठेवायची.

गाड्या तांबूस दिसतात हे त्याला मान्य होतं. मोशीच्या सिग्नलला त्यानं एक स्वतः पाहिली होती. त्याला कळत नव्हतं ते एवढंच, की मग बोगद्यात त्याच गाड्या एकरंगी कशा दिसल्या. कंपनीत पाऊल टाकायची बंदी. त्या ट्यूबांखाली परत उभं कसं राहणार?

तोडगा काढला होता सनीनं, बहिणीच्या मुलानं. त्याचं सांगवीत गेमिंग पार्लर. गाड्यांच्या शर्यतीचा एक नवा गेम आलाय, म्हणाला, त्यात तुमच्या कंपनीचं हेच मॉडेल आहे. गॅरेजमध्ये गाडी उभी करायची, हवा तो रंग द्यायचा, वर ट्यूबा लावायच्या नाही तर दुपारचं ऊन पाडायचं. उजेड खऱ्यासारखा पडतो.

सनी आला तो पाठीवर सॅक आणि हातात पिशवी घेऊन.

“जय भीम, मामा. पोस्टमार्टेम सुरू केलं वाटतं?”

“जय भीम. ये. तुझी वाट बघून दम संपला.”

सनीनं पेटीत मोबाइलचा टॉर्च मारला आणि मान हलवली.

“मामा, ही एक्सेलची मशीन आहे. हिच्यातनं हजेरीपत्रक निघेल, गाडी नाही निघणार.”

“गेमच्या कंपनीनं किमान काय लागतं ते लिहिलंय ना?”

“किमान म्हणजे गेम चालू होईल आणि तुम्हीच बंद कराल.”

“मग किमान कशाला म्हणायचं त्याला?”

“ते लिहिणाऱ्याला विचारा. त्यापेक्षा माझ्या पार्लरला चला म्हणतोय कधीचा.”

“तुझ्या पार्लरात जांभळ्या-हिरव्या पट्ट्या पेटवल्यात. तिथं तू स्वतः निळा दिसतोस. मी रंग काय बघू, कपाळ?”

मिनल हसली आणि पेटीपुढे बसली. भीमराजला एकेक भाग बोट लावून विचारायचा होता, आणि तो विचारत राहिला. हे काय, हे कुणाच्या हाताखाली, हे थांबलं तर कोण थांबतं. तिनं त्याच्याच भाषेत सांगितलं. हा प्रोसेसर, सुपरवायझर समजा. ही रॅम, म्हणजे काम मांडायचं टेबल, आपलं टेबल लहान आहे, जागा संपली की सामान खाली ठेवून परत उचलावं लागणार. आणि सनीनं आणलंय ते ग्राफिक कार्ड, म्हणजे पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवणारी शेकडो माणसं.

“आणि उजेड कोण पाडतं?”

“तेच कार्ड. ठिपका कसा दिसेल हे ठरवायला ते बघणाऱ्याच्या डोळ्यातून सुरुवात करतं. डोळ्यातून निघायचं, गाडीवर आदळायचं, तिथून उलटा माग काढत दिव्यापर्यंत जायचं.”

भीमराज कार्ड हातात धरून उलटसुलट करत होता, तो थांबला.

“म्हणजे आधी डोळा, मग दिवा?”

“हो.”

“बरोबर आहे,” तो म्हणाला आणि कार्ड जपून तिच्या हातात दिलं.

कार्ड पेटीत बसेना. लांबी जास्त. बसवलं तरी पेटीतला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, ऑफिसच्या कामापुरता; कार्डाला लागणारी जादा वायर त्याला नव्हतीच. सनीनं कमरेवर हात ठेवले.

“झालं. चालणार नाही. मी काय म्हणत होतो?”

“पिशवीत काय आणलंयस?” मिनलनं विचारलं.

“दुसरा एसएमपीएस. पण बाहेर ठेवून चालवायचा म्हणजे जुगाड आहे, ताई. आणि चालवून मिळणार काय? सेकंदाला साठ चित्रं पाहिजेत, तर गाडी पळते. हिच्यावर पाच मिळाली तर मी पेढे वाटतो.”

“साठ कशाला?” भीमराजनं विचारलं.

“पळवायची तर लागतात, मामा.”

“मला पळवायचीच नाही. उभी करायचीय. उभ्या गाडीला काय लागतं?”

सनीनं कान खाजवला. हा प्रश्न त्याला पार्लरमध्ये कुणी विचारला नव्हता.

“उभ्या गाडीला... एकच चित्र लागतं. पण ते बनेपर्यंत थांबायची तयारी पाहिजे.”

“मी आयुष्यभर उभ्या गाडीसमोर थांबलोय.”

मग तिघंही कामाला लागले. पेटीचं पोट उघडंच ठेवलं, कार्ड अर्धं बाहेर राहिलं. त्याच्याखाली मिनलनं जुनी पाटी सरकवली, दुसरा एसएमपीएस पुठ्ठ्यावर ठेवला. वर टेबलफॅन लावला. गेम सनीच्या डिस्कवर होता. चालू व्हायला एवढा वेळ लागला की सरूबाईनं दोनदा चहा ठेवला आणि दोन्हीदा विचारलं, पेटलं का बिटलं काय.

पडदा उघडला तसा सनी एकेक गोष्ट बंद करत गेला.

“माणसं काढ,” भीमराज मागून म्हणाला. “झाडं काढ. मागचे डोंगर कशाला? काढ.”

“रस्ता?”

“उभ्या गाडीला रस्ता काय करायचा?”

शेवटी काळ्याशार पोकळीत एक गाडी आणि वर ट्यूबांची रांग राहिली. उजेडाचं सेटिंग मात्र सनीनं शेवटपर्यंत वर चढवलं. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग त्या हळूहळू बसत गेल्या आणि त्यांच्याखालून बोनेट वर आलं. मिनलनं जांभूळ जमवायला वेळ घेतला. भीमराज सांगत होता, काळा कमी, अजून कमी, आता थोडं वांगं येऊ दे, हां. ट्यूबेची पांढरी रेघ बोनेटवरून वाकून काचेपर्यंत गेली.

भीमराजचे गुडघे आपोआप वाकले, मान तिरकी झाली. खुर्ची बाजूला सारून तो लाइनवर उभा राहायचा तसा पडद्याच्या कडेला उभा राहिला. सरूबाईच्या डब्यातला खडू त्यानं कधी उचलला ते कुणाला दिसलं नाही. दारावर एक ठिपका होता. त्यानं त्याच्याभोवती पडद्यावरच गोल काढला.

“बाबा, तो मॉनिटरचा मेलेला ठिपका आहे. गाडीचा नाही.”

“हो का,” तो म्हणाला. सनी तोंड फिरवून हसला. भीमराजही थोडा हसला आणि बाहीनं खडू पुसला. “ट्यूबेत एक आहेत. बंपर आणि अंग. आता ऊन पाड.”

मुंग्या आल्या, बसल्या. दुपार झाली. गाडी लखलखली. बंपर आणि अंग एक होते.

“ढग आण.”

एकच.

“संध्याकाळ कर.”

एकच.

भीमराज मागे सरून पलंगावर बसला. त्यानं डोळे चोळले, मग हात मांडीवर ठेवून तळव्यांकडे बघत बसला.

“यात दिसत नाही,” तो म्हणाला. “बाकीच्यांना उन्हात दिसलं. मला पण मोशीला दिसलं. उजेड खरा आहे म्हणता, मग यात का दिसेना? मशीन कमी पडली का?”

मिनलनं एकट्या बंपरात जरा तांबडा टाकून बघितला. उन्हात बंपर वेगळा दिसला. तिनं परत ट्यूबा लावल्या. ट्यूबेतही वेगळाच दिसला. तिनं तांबडा कमी केला, जास्त केला. ती बराच वेळ मागेपुढे करत राहिली.

“बाबा, मशीन पुरली,” ती शेवटी म्हणाली. “गेम कमी पडला. यात रंग म्हणजे तांबडा, हिरवा, निळा यांचे फक्त तीन आकडे आहेत. आकडे सारखे असले तर दोन्ही सगळ्या उजेडात सारखे, वेगळे असले तर सगळीकडे वेगळे.”

“असं नसतं,” भीमराज लगेच म्हणाला. “दोन ठिकाणचा रंग एका उजेडात जुळतो आणि दुसऱ्यात फुटतो.”

“तेच म्हणतेय. ते यात घातलेलंच नाही.”

दाराशी उजेडात बसून साडीला फॉल लावणाऱ्या सरूबाईनं दोरा दातानं तोडला.

“एवढा खटाटोप यासाठी चालला व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलं शर्यत खेळताय. अहो, मॅचिंगच्या दुकानात कापड घ्यायला गेलं की आमी काय करतो? दुकानातल्या दिव्याखाली ब्लाउजपीस झकास जुळतंय. तरी घेतो का? साडी आन् पीस घेऊन पायरीवर येतो, उन्हात धरतो. दुकानदार बी न्हाई म्हणत न्हाई. त्याला बी ठावं हाय दिवा फसवतो ते.”

“मामी, गाडी काय ब्लाउजपीस आहे?” सनी म्हणाला.

“का? तिला तर चाकं असत्यात. साडी आमाला उचलून न्यावी लागती.”

सनी हसला. मिनलही हसली. भीमराज हसला नाही. त्याची बोटं मांडीवर थांबली होती.

“न्यायचो,” तो म्हणाला.

“काय?”

“उन्हात. नव्या रंगाची पहिली गाडी ढकलत मागच्या यार्डात न्यायचो आम्ही. मी आणि लाइनवरचा गणराज. तासभर उभी करायची, चारी बाजूंनी बघायची, मग बाकीच्या सोडायच्या. रीतच होती. मग यार्डाच्या दाराला कुलूप लागलं. लाइन थांबते म्हणाले, टार्गेट पुरं होत नाही. कागद नाही, नोटीस नाही, नुसतं कुलूप. आम्ही दोन-चार दिवस कुरकुर केली आणि मग ट्यूबेतच बघायला लागलो. त्यानंतरचा पहिला नवा रंग जांभूळ.”

पडद्यावर ती गाडी कुठल्याच रस्त्यावर नसलेल्या उन्हात उभी होती. मिनलनं हात लांब करून बापाचा फोन चार्जरवरून काढला आणि त्याच्यासमोर धरला.

त्याच्या लाइनचे साहेब ज्ञानेश. वयानं लहान, बोलायला गोड. घरी बसवल्यापासून सहीसाठी रोज फोन करणारे तेच. भीमराजनं त्यांनाच फोन लावला.

“बोला भीमराजभाऊ,” स्पीकरवर आवाज आला. “ठरलं का मग? उद्या सही करून टाका, बरं पडेल. उगाच शेवटी शेवटी वाईटपणा नको.”

“करतो की सही. नजर गेली म्हणून लिहून देतो. फक्त माझ्या एका प्रश्नाचं उत्तर त्याच कागदावर माझ्या सहीच्या वर लिहा.”

“कसला प्रश्न?”

“गाडी उन्हात न्यायची रीत होती. यार्डाच्या दाराला कुलूप लावायला कुणी सांगितलं?”

पलीकडे खुर्ची करकरली.

“भाऊ, हे मध्येच काय काढलंत? तुम्हाला कोण शिकवतंय हे?”

“बायको.”

सरूबाईनं पदर तोंडाला लावला.

“हे बघा, मी फोनवर असं काही... तो वरचा निर्णय होता. तेव्हा प्रॉडक्शनचा लोड किती होता, तुम्हाला माहितीय.”

“वरचा म्हणजे कुणाचा? वर कोण बसतं, साहेब? त्याला नाव असेल, हजेरी असेल, पगार असेल. माझ्या नोटिशीवर सही नाही, तुमच्या कुलपावर सही नाही. सही तेवढी माझी पाहिजे.”

“उद्या या, समोरासमोर बोलू.”

“उद्या येतोच. चौकशीला उभं राहायला येतो. पण आज विचारतोय.”

फोनमधून नुसता श्वास येत होता. भीमराजनं फोन पलंगावर, आपल्या आणि मिनलच्या मध्ये ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. सनीनं उठून टेबलफॅन बंद केला, म्हणजे पलीकडून बारीक आवाज आला तरी ऐकू यावा.

“सांगा साहेब. कुणी लावायला सांगितलं कुलूप?”