दुर्बिणीचं ऑपरेशन

"दुर्बिणीचं ऑपरेशन हाय गं. तीन-चार बारकी भोकं पाडतेत, बास. चार दिवसांत मी खाली चहा प्यायला जाईन बघ," स्ट्रेचरवरून बलभीम म्हणाला.

द्वारकाबाईंनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "लई बोलू नका. घसा सुकंल."

सोलापूरच्या त्या दवाखान्यात आज बलभीमची किडनी काढून द्वारकाबाईंना बसवायची होती. डायलिसिस करून करून त्यांचा हात चाळणीसारखा झाला होता. बलभीमनं किडनी द्यायचं ठरवलं, तेव्हा त्याचा थोरला भाऊ धोंडप्पा अणदूरहून भांडायला आला होता.

"गडी माणूस बायकूला किडनी देतो व्हय? उद्या तुलाच काय झालं तर?"

"तिनं मला द्यायची असती, तर आला असता का दादा तुम्ही भांडायला?" बलभीम एवढंच म्हणाला होता.

स्ट्रेचर आत गेलं. द्वारकाबाईंना शेजारच्या खोलीत झोपवून ठेवलं. किडनी नीट निघाली की मग त्यांना न्यायचं होतं.

वर छताकडे बघत पडल्या पडल्या त्यांना जुनी एसटी आठवली. बलभीम कंडक्टर. नव्या लग्नाच्या दिवसांत त्याची ड्यूटी धाराशिव-वाशी गाडीवर असायची, आणि वाशी तर त्यांचं माहेर. पंचमीला त्या त्याच्याच गाडीतून जायच्या. गर्दीतून वाट काढत तो जवळ यायचा आणि अगदी परक्यासारखा विचारायचा, "कुठं जायचं बाई?"

त्या पदर तोंडाशी धरून म्हणायच्या, "वाशी."

येडशीचा घाट लागला, गाडी घरघरायला लागली, की तो त्यांच्या सीटमागं येऊन उभा राहायचा. हळूच म्हणायचा, "माघारी कवा येणार?" एकदा शेजारच्या म्हातारीनं ते ऐकलं. "कंडक्टर लई गोड बोलतोय की गं तुझ्यासंगं!" असं ती मोठ्यानं म्हणाली. "मालकच हाईत माझे," असं द्वारकाबाईंच्या तोंडून निघून गेलं आणि सगळी गाडी हसली. त्या दिवशी बलभीम वाशी येईपर्यंत मागं फिरकलाच नव्हता.

बाहेर कुणीतरी पळत गेलं. मागोमाग एक नर्स रक्ताच्या पिशव्या छातीशी धरून धावली.

"काय झालं वं, सिस्टर?"

नर्स थांबली नाही. द्वारकाबाई उठून बसल्या. किती वेळ गेला कळलं नाही. मग डॉक्टर आले. त्यांच्या गाऊनवर रक्त उडालं होतं.

"मावशी, किडनीच्या मोठ्या शिरेवर लावलेली क्लिप सटकली. रक्त फार गेलं. दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं. आता रक्त थांबलंय. किडनीही चांगली निघालीय. तुम्हाला आत घ्यायचंय."

"ते कसे हाईत?"

"रक्त चढवतोय."

"तसं न्हाय. जित्ते हाईत का?"

"आहेत, मावशी."

"मला बघू द्या."

"किडनी बर्फात ठेवलीय. तिला फार वेळ ठेवता येत नाही."

"मग त्यांचीच त्यांना माघारी बसवा." द्वारकाबाईंचा आवाज चढला. "त्यांना बघितल्याबिगर मी न्हाय येणार. त्यांच्या जिवावर मला जगायचं न्हाय."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी नर्सला खूण केली. द्वारकाबाईंचं स्ट्रेचर बलभीमच्या दारावरून न्यायला सांगितलं आणि दार थोडं उघडलं. आतली माणसं वाकून काम करत होती. त्यांच्याआडून बलभीमचे पाय तेवढे दिसले. जन्मभर हलत्या गाडीत उभं राहून भेगाळलेल्या टाचा. कुठलंतरी यंत्र टिक टिक वाजत होतं.

"ते वाजतंय ते त्यांचंच का?"

"त्यांच्याच काळजाचं."

द्वारकाबाईंनी थोडा वेळ ते ऐकलं. डोळे पुसले आणि आडव्या झाल्या. "चला."

किडनी द्वारकाबाईंना लागू पडली. बलभीमही वाचला, पण बारक्या भोकांच्या जागी बरगडीखालून बेंबीपर्यंत लांब टाके आले. पुढं त्या जागी हर्नियाचा फुगवटा धरला. धक्के बसतील असं काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आगारानं त्याला धाराशिवच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. तरी बलभीमनं सकाळी निघताना बुटांना पॉलिश करायचं सोडलं नाही.

एका दुपारी द्वारकाबाई तोंडाला मास्क लावून, डबा घेऊन स्वतः स्टँडवर आल्या. चालत आल्या होत्या, आणि दम लागला नव्हता.

"एवढ्या उन्हात कशाला आलीस गं?"

"आले. येऊ वाटलं."

त्यानं आपली खुर्ची त्यांच्याकडं सरकवली आणि स्वतः टेबलाला टेकून उभा राहिला. समोर लातूरची गाडी भरली. कंडक्टरनं दार ओढून दोनदा घंटी दिली.

घंटीसरशी बलभीमचा हात आपोआप खांद्यावर गेला, पिशवीचा पट्टा सावरायला. तिथं काही नव्हतं. तो हात तसाच क्षणभर राहिला. मग त्यानं शर्टाची सुरकुती सरळ केली, माईक तोंडाजवळ ओढला आणि स्वच्छ आवाजात पुढच्या गाडीचं नाव घेतलं.