टाळी पडेपर्यंत

मिराडोर क्लबातली टेबलं उचलून नेली त्या दिवशी इरेना कोवाल रडली नाही. केबल ओढत निघालेल्या एका निरपराध माणसाला मात्र तिनं चांगलंच झापलं. न्यू यॉर्कचे बडे लोक जिथे शॅम्पेनचे प्याले ठेवायचे, तिथे आता कॅमेऱ्यांची धुडं उभी राहणार होती. डोक्यावर पिसांचा मुकुट घेऊन ती एकवीस वर्षं इथला जिना उतरत आली होती. टेलिव्हिजनवाल्यांनी नाचणाऱ्या चोवीस पोरींपैकी सहा ठेवल्या. एक्केचाळिशीची इरेना टिकली, कारण जिना कसा उतरायचा हे बाकीच्यांना शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

तिला टिकायचं होतं ते आईसाठी. आई नदीपलीकडे बेयॉनला राहायची. नावेनं जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर, पण तिनं मुलीचा नाच एकदाही पाहिला नव्हता. "मांड्या दाखवून पोट भरणारीला बघायला मी तिकीट काढू?" हे एकच वाक्य म्हातारीनं एकवीस वर्षं पुरवून वापरलं. आता मात्र शेजारच्या खाटकाकडे टेलिव्हिजन आला होता आणि दर मंगळवारी सगळी पोलिश गल्ली तिथे जमायची. "बघीन," आई फोनवर म्हणाली होती, "फुकट आहे म्हणून." तेवढ्यावर इरेनाला आठ दिवस धड झोप नव्हती.

"बर्नी, माझा चेहरा दिसेल ना रे?" तिनं तालमीत विचारलं. बर्नी क्लबच्या वेळेपासूनचा स्टेज मॅनेजर, आता कानाला हेडफोन लावून मिरवत होता.

"दिसेल की. गायिकेच्या मागे, खसखशीएवढा."

"मेल्या, खरं सांग!"

"खरंच सांगतोय, बाई. तू शेवटची उतरतेस. खाली आलीस की लगेच बाजूला हो, मागून गायिका येते. दोन सेकंद मिळतील तुला."

मंगळवारी तिचे ओठ तपकिरी रंगवले, कारण लाल रंग काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काळा दिसायचा. आरशात तिला स्वतःचीच ओळख पटेना. मग आईला कशी पटणार?

आठ वाजता वाद्यं सुरू झाली आणि कार्यक्रम थेट घरोघरी दिसू लागला. मान ताठ, नजर वरच्या सज्ज्यावर, पायरीकडे बघायचं नाही. इरेना शेवटच्या पायरीवर आली, हात पसरले आणि थांबली. मिराडोरचा नियमच तसा होता: टाळी पडेपर्यंत पाय उचलायचा नाही. शंभरेक पोरींच्या अंगी हा नियम तिनंच मुरवला होता. पण आता टाळी वाजवणार कोण? समोर घामाघूम झालेली, तोंडाला कुलूप घातलेली कॅमेऱ्यांमागची माणसं होती. बर्नी हातवारे करत होता, मागे गायिका तिच्या मुकुटाआड झाकली गेली होती, आणि कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा काही विझत नव्हता. इरेनाचं हसू हळूहळू उतरलं. ती बावरून बघत राहिली आणि मग एकदम भानावर येऊन बाजूला झाली.

"दहा सेकंद!" कार्यक्रम संपल्यावर तरणाबांड दिग्दर्शक काचेच्या खोलीतून धावत आला. "दहा सेकंद पुतळ्यासारख्या उभ्या राहिलात तुम्ही! उद्यापासून येऊ नका."

बर्नीनं मान खाली घातली. इरेना मुकुटासकट बोळातल्या फोनपाशी गेली आणि तिनं खाटकाच्या घरी फोन लावला.

"इरेन्का? अगं, किती वेळ उभी होतीस!" आईच्या मागे बायकांचा कलकलाट चालला होता.

"चुकलं, आई."

"चुकलं कसलं? या सगळ्या नुसत्या तोंडाचा आ करून बसलेल्या. ही खाटकीण विचारते, पोरगी हलत का नाही? म्हटलं, लहानपणी चर्चमध्ये कविता म्हटली की अशीच उभी राहायची, टाळी वाजवल्याशिवाय खाली उतरायची नाही. मग मीच वाजवली. तशी लगेच गेलीस. ऐकू आली ना तुला?"



"आली," ती म्हणाली. "तुझीच वाट बघत होते."

"मग पुढच्या मंगळवारीही वाजवते."

"पुढच्या मंगळवारी मीच घरी येते, आई."

नोकरी गेल्याचं आईला कळलं असावं.

"ये," ती म्हणाली. "पण तो मुकुट घालून ये. आणि नेहमीसारखी मागच्या दारानं नको, चांगली सगळ्यांदेखत गल्लीतून ये."