लास्मिनीची साक्ष

आमच्या कुदुस गावात लवंग घातलेल्या सिगारेटी अजून हातानं वळतात, आणि ते काम बायकांचं. बायका जोडीनं बसतात. एक वळते, दुसरी टोकं कातरते. दोघींचा हात जमला नाही तर दोघींचंही काम मागे पडतं, म्हणून जमलेली जोडी कुणी मोडत नाही. माझी जाऊ कासियाती वळणारी आणि लास्मिनी तिची कातरणारी. लास्मिनी कारखान्यात आली तेव्हा तिला कात्रीसुद्धा नीट धरता येत नव्हती, कासियातीनंच तिला शिकवलं. पुढे तिच्या बाळंतपणालाही हीच धावली. लास्मिनी तिला थोरल्या बहिणीसारखं ‘यू’ म्हणायची.

कासियातीला पाळीचा फार त्रास. भिंतीला कंबर टेकून उभी राहायची, ओठ पांढरे पडायचे. कायदा असा आहे की पाळीत दुखत असेल तर बाईनं तसं सांगावं, पहिले दोन दिवस तिच्यावर कामाची सक्ती नाही. आमच्या कारखान्यात मात्र सांगून भागत नसे. दवाखान्याच्या खोलीत नर्सपुढे कपडे सोडून दाखवावं लागे. त्यापेक्षा गोळी गिळून बाकावर बसलेलं बरं, असं म्हणून सगळ्याजणी बसत. कायद्याचं कासियातीला कळलं ते बू रेत्नोंकडून. त्या कामगार संघटनेच्या. बाजारामागच्या चहाच्या टपरीवर बायकांना जमवून त्या असलं काही काही सांगायच्या.

एके दिवशी मुकादम पाक दार्सोनो फेरीवर असताना कासियातीनं त्याला सांगितलं की मला त्रास होतोय, मी घरी जाते, आणि नर्सला काही दाखवणार नाही. अदबीनंच सांगितलं. तो आजूबाजूला बघून हसला.

“बऱ्या गं तुमच्या पाळ्या सुटीला जोडून येतात,” तो म्हणाला.

ती जागची हलली नाही. पुन्हा तेच म्हणाली, कायद्यात तसं आहे. कायदा म्हटल्यावर त्याचा पारा चढला. त्यानं तिच्यापुढचा तंबाखूचा ट्रे उचलला आणि तिच्या अंगावर भिरकावला. बाकीच्या बायकांनी माना वर केल्या तोवर ट्रे खाली पडला होता. फेकताना पाहिलं ते एकट्या लास्मिनीनं, हातभर अंतरावरून.

सुट्टी व्हायच्या आत कासियातीला कामावरून काढल्याचं सांगितलं. कारण काय, तर तिनंच मुकादमावर ट्रे फेकला.

मी पाकिटं भरण्याच्या खात्यात, त्यामुळे मला हे घरी आल्यावर कळलं. लास्मिनी माझ्या आधीच येऊन बसली होती. कासियातीला पायरीवर बसवून ती तिच्या केसांतला तंबाखू कंगव्यानं काढत होती.

“यू, मला कुठंही ने,” ती म्हणाली. “साहेबापुढं ने, जजपुढं ने. पाहिलं ते सांगेन.”

बू रेत्नोंनी वाट समजावली. आधी कंपनीशी बोलणी, मग कामगार खात्याच्या मध्यस्थापुढे, तिथंही नाही जमलं तर सेमारांगचं कामगार न्यायालय. कंपनी पहिल्याच बैठकीत उठून गेली. मग खात्याची तारीख लागली.

त्या दिवशी लास्मिनी आली, नवी ओढणी घालून, आणि समोरच्या बाजूला पाक दार्सोनोच्या शेजारी जाऊन बसली. आम्हाला वाटलं, खुर्ची चुकली. कासियातीनं तिला हातानं खूण केली, इकडं ये म्हणून. तिनं वर पाहिलंच नाही. मध्यस्थानं विचारलं तेव्हा टेबलाकडे बघत म्हणाली की कासियातीनं मुकादमाला शिवी दिली आणि त्याच्यावर ट्रे फेकला.

 परत येताना कासियाती माझ्यामागे स्कूटरवर बसली होती. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, “घसा कोरडा पडला होता तिचा. कुणी पाणीसुद्धा दिलं नाही.”

घरी आल्यावर मात्र तिनं लास्मिनीनं शिवून दिलेला ब्लाउज पेटीतून काढला आणि चुलीजवळ पोतेरं म्हणून टाकला. ते पोतेरं आम्ही कित्येक महिने वापरलं.

थोड्याच दिवसांत कळलं की लास्मिनीला बाकावरून उठवून तपासनीस केलंय आणि तिची मुलगी कारखान्याच्या ऑफिसात लागलीय. मध्यस्थाचं मत कंपनीकडे झुकलं. बू रेत्नो म्हणाल्या, न्यायालयात जाता येईल, पण आपल्याकडे साक्षीदार नाही, नीट विचार कर.

“ती खोटं बोलली म्हणून माझं खरं खोटं होतं का?” कासियाती म्हणाली.

सेमारांगला लास्मिनीनं कुराण साक्षी ठेवून शपथ घेतली. तिनं सांगितलेलं आणि मुकादमानं सांगितलेलं शब्दाला शब्द सारखं होतं, पोरांनी पाठ म्हणावं तसं. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, मग तंबाखू कुठं सांडला?

हे तिला कुणी पढवलं नव्हतं.

“यूच्या केसांत,” ती म्हणाली.

निकाल आमच्या बाजूनं लागला. काढून टाकणं बेकायदा ठरलं, भरपाई द्यायला लावली. पण आता दोन्हीकडचे संबंध तुटलेत असं न्यायालयानं म्हटलं, म्हणून नोकरी परत मिळाली नाही. नर्सपुढे कपडे सोडायची पद्धत कारखान्यानं गुपचूप बंद केली. आता पोरी नुसतं सांगून घरी जातात. त्यातल्या बऱ्याचजणींना कासियाती कोण हेही ठाऊक नाही.

त्या वर्षी ईदला लास्मिनी आली. आमच्यात त्या दिवशी धाकट्यांनी थोरल्यांकडे जाऊन वर्षभराच्या चुकांची माफी मागायची असते, आणि थोरल्यांनी ती द्यायची असते. ती गुडघ्यांवर बसली, कासियातीचा हात कपाळाला लावला, रीतीचे शब्द म्हणाली. कासियातीनंही रीतीप्रमाणे माफ केलं म्हटलं. मी सरबत आणलं. लास्मिनी उठेना.

“पोरीसाठी केलं, यू. त्यांनी तिला घेतो म्हटलं आणि माझी मती फिरली.”

“पोरीसाठी केलंस ते समजतं मला,” कासियाती म्हणाली. “आदल्या दिवशी येऊन सांगायचं होतंस की मला जमणार नाही. मी तुला नेलंच नसतं, मिनी. मी तिथं तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून बसले होते.”

लास्मिनी रडायला लागली. कासियातीनं सरबताचा पेला तिच्या पुढ्यात सरकवला आणि दारात आलेल्या दुसऱ्या पाहुण्यांना घ्यायला उठून गेली.