सोळाशे वाक्यं

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या सकाळी सव्वानऊला वीज जाऊन आली, घशाच्या आजारांच्या आमच्या हॉस्पिटलातला, मी सांभाळतो तो सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि पडद्यावर 'डिस्क उघडता येत नाही' असं उमटलं, तेव्हा कुणीही घाबरलं असतं.

त्या डिस्कवर मावशीचा आवाज होता. आईमागे तिनेच मला वाढवलं. अकरा वाजता तिचं स्वरयंत्र काढणार होते. ज्यांचा आवाज जाणार, त्यांच्याकडून आम्ही आधी सोळाशे वाक्यं बोलून घेतो. त्यावरून पुढे एक यंत्र त्यांच्या आवाजात बोलतं. मावशीने तीन आठवडे घसा खरवडून ती पूर्ण केली होती.

आणि मी शहाण्याने ती नव्या फाइल सिस्टीमवर हलवली होती. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर कुठे काय ठेवलंय याचा सगळा कारभार. ही, सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्समध्ये नुकतीच आलेली, वेगवान, बिघाड स्वतःच दुरुस्त करणारी. माझ्या वरिष्ठ बाईंनी, ज्यांना सगळे मागून थांबाताई म्हणतात, बजावलं होतं, "पेशंटचं काही हिच्यावर ठेवू नकोस. वर्षभर थांब." मी घरच्या लॅपटॉपवर चार महिने ती चालवून पाहिली होती, तेवढ्यावर माझी छाती फुगलेली. जागा हवी म्हणून जुनी प्रतही पुसून टाकली.

थांबाताई आल्या. ओरडल्या नाहीत, त्यामुळे मी आणखीच घाबरलो. दुरुस्तीचा प्रोग्राम लावून दोघं बघत बसलो. टक्के सरकता सरकत नव्हते. त्या फाइल सिस्टीमने स्वतःवर 'प्रायोगिक' असं स्पष्ट लिहिलं होतं, तिने काही लपवलं नव्हतं. 'तयार आहे' असं मी म्हटलं होतं.

दहाला डिस्क उघडली. सोळाशे फाइली, एकूण एक, आकारही बरोबर. माझ्या जिवात जीव आला.

"ऐकून बघ," थांबाताई म्हणाल्या.

पहिली लावली. काहीच नाही. आवाज वाढवला. दुसरी, चाळिसावी, नऊशेवी. लांबी तंतोतंत आणि आत नुसती शांतता.

"ताई, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने कदाचित..."

"कदाचित काय? तिचा घसा अजून जागेवर आहे. पळ!"

मावशी ऑपरेशनच्या दारापाशी स्ट्रेचरवर होती, डोक्याला कागदी टोपी. मी धापा टाकत सर्जनना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गाठ श्वासनलिका दाबतेय. आजचं उद्यावर नाही नेता येणार. दहा मिनिटं देतो."

मी मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"मावशी, तुझी वाक्यं गेली. माझ्यामुळे. बोल ना, काहीही बोल."

ती सुटलीच. "काहीही बोल? अरे गाढवा, तीन आठवडे मी काय पोपटासारखी उगाच बडबडत होते? कुणी सांगितले होते तुला नसते उद्योग? लहानपणी घड्याळ उघडायचास, जोडल्यावर चार स्क्रू उरायचे, तरी म्हणायचास झालं नीट! रडू नकोस. नाक पूस आधी. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

पूर्ण दहा मिनिटं तिने मला झापलं. मग दार बंद झालं. मी ते रेकॉर्डिंग तीन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवलं आणि तिन्ही शेवटपर्यंत ऐकली.

ती वाचली. यंत्राचा आवाज त्या दहा मिनिटांतूनच बनवावा लागला, दुसरं होतंच काय? त्यामुळे ती 'पाणी दे' म्हणाली तरी चूक पकडल्यासारखं वाटतं. नर्सचे आभार मानले तर ती बिचारी दचकली.

परवा मावशी बराच वेळ टाइप करत होती. मग माझ्या गालाला हात लावून तिने बटण दाबलं.

"माझा तुझ्यावर राग नाही रे," यंत्र माझ्यावर खेकसलं.

मी मान डोलावली आणि तिची पाण्याची बाटली भरायला उठलो.