सुरतेची पत्रिका

मित्रांनो, मी पत्त्यांची एक जुनी वही आहे. इंदापूर तालुक्यातल्या वरकुटे गावात झुंबरतात्यांच्या घरी मी राहते. तात्यांनी मला शेवटचं उघडलं तो रविवार अगदी साधा होता. बागेतल्या डाळिंबांना पाणी सोडून ते ओसरीवर येऊन बसले, चष्मा लावला आणि मला मांडीवर घेतलं. त्यांची लेक निकिता बारामतीच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिचं लग्न ठरलं होतं आणि सुट्टीसाठी ती घरी आली होती.

"आत्तापासून पत्रिका? अजून अडीच महिने आहेत, तात्या."

"गावातल्याला आठ दिस आधी दिली तरी त्यो जेवायला येतोय. भाईरगावच्याचं तसं न्हाय. त्याला रजा मागावी लागती, गाडीत जागा बघावी लागती."

"मी आज सगळ्यांना फोनवरच पाठवते की."

"फोनवर कळीव. पर बोलवायचं हळदीकुंकू लावलेल्या कागदानंच."

आतून निकिताची आई म्हणाली, "त्यांचं चाललं तर लगीन ठरायच्या आधीच पत्रिका धाडतील."

तात्या हसले. मग माझं पहिलं पान उघडून म्हणाले, "औंदा तुझ्या आत्याला, रंगीला, समद्यात आधी. मागल्यासारखं नगं व्हायला."

निकिताच्या हातातला कप तसाच राहिला. काहीतरी बोलायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती "चहा गरम करून आणते" म्हणाली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या बागेत गेले. पाण्याची मोटार सुरू केली आणि तिथंच बसल्या बसल्या गेले.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. तीस वर्षांपूर्वी इंदापूरच्या बाजारातून तात्यांनी मला आणलं, एवढं आठवतं. त्यांची धाकटी बहीण रंगूबाई त्याच आठवड्यात लग्न होऊन सुरतेला गेली होती. तिच्या नव्या घराचा पत्ता हरवू नये म्हणून मी आले. पहिल्या पानावर तो एकच पत्ता होता. कितीतरी दिवस मी जवळजवळ कोरीच होते.

पुढं माणसं कामाधंद्याला पांगली तशी मी भरत गेले. तात्या नुसता पत्ता लिहीत नसत. प्रत्येकाला किती आधी बोलवायचं तेही शेजारी बारीक अक्षरात लिहीत. फौजेतल्या पुतण्यापुढं 'रजेचा अर्ज, दोन महिने' असं होतं. भोपाळच्या मावसभावापुढं 'पोरांच्या परीक्षा बघून तारीख सांगणे'. सुरतेपुढं 'लग्नसराईत गाडी भरते, दीड महिना' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. गावात कुणाचं लग्न निघालं की लोक मला मागायला येत. पळसदेवपर्यंत जाऊन आले आहे मी. परत येताना माझ्या पानांना कुंकू लागलेलं असायचं आणि मला फार बरं वाटायचं.

मग सगळे पत्ते फोनमध्ये गेले. मी फडताळात पडून राहू लागले. त्याचं मला फारसं दुःख नाही. दुःख आहे ते निकिताच्या भावाच्या, लखनच्या लग्नाचं. त्याला आता सहा वर्षं झाली.

या घराची रीत अशी, की पहिली पत्रिका नरसिंहपूरला देवापुढं ठेवायची आणि दुसरी नवरदेवाच्या आत्याला, खणासकट धाडायची. आत्याची गेल्याशिवाय तिसरी कुणाला द्यायची नाही. तात्यांनी दीड महिना आधी सुरतेचं पाकीट शिवलं. बारामतीच्या पोस्टातून लवकर जाईल म्हणून ते निकिताच्या हातात दिलं. त्या आठवड्यात कॉलेजात तपासणी होती. पाकीट ग्रंथालयातल्या कपाटात राहिलं. "टाकलं का गं?" असं तात्यांनी विचारलं तेव्हा ती घाईत "हो" म्हणाली. ते तिला सापडलं तेव्हा लग्न पाच दिवसांवर आलं होतं. तिनं धावत जाऊन कुरिअर केलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पाकीट सुरतेत पोचलं.

रंगूबाईचा फोन आला तेव्हा मी ओसरीवरच होते. "तारीख फोनवर कळली व्हती, पर समदं गाव बोलवून झाल्यावर माझी आठवण झाली व्हय, दादा?" आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला. निकिता समोर उभी होती. तात्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्या हातनंच ऱ्हायली, रंगे. इसरलो." रंगूबाई लग्नाला आली नाही. पुढं सहा वर्षं ती माहेरी आली नाही. तात्यांनी त्या चुकीत लेकीचं नाव कधीही घेतलं नाही.

मित्रांनो, लांब राहणाऱ्या माणसाला वेळेत बोलवा. आणि चूक झालीच, तर ती माणसं जिवंत आहेत तोवर सांगून टाका. मी वही आहे, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

रंगूबाई आली ती तात्यांच्या दहाव्याला. विधी आटोपून सगळे ओसरीवर बसले. थोरले चुलते आबासाहेब म्हणाले, "लगीन ठरल्या तारखेलाच करायचं. पोरीचं अडवून ठेवायचं न्हाय. भाईरगावच्या पत्रिका ह्या आठवड्यात सुटल्या पायजेत." त्यांनी मला उघडून निकितापुढं ठेवलं. "सुरतेपासनं लिही."

रंगूबाईनं पदरानं डोळे पुसले. "मला नगा धाडू. मी येणार न्हाय. जो सख्ख्या बहिणीला इसरला, त्याच्या मांडवात मी कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"रंगे, माणूस गेलं आता," आबासाहेब म्हणाले.

"माणूस गेलं. इसरलेलं कुठं जातंय?"

निकितानं हातातलं पेन खाली ठेवलं. ती उठून आत्यापुढं येऊन बसली. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली.

"आत्या, तात्या तुला विसरले नव्हते. तुझी पत्रिका त्यांनी दीड महिना आधी माझ्याकडं दिली होती. ती माझ्याकडून राहिली. आणि मी टाकली म्हणून त्यांना खोटं सांगितलं. तुझा फोन आला तेव्हा मी समोर उभी होते. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं आणि मी घेऊ दिलं. सहा वर्षं मी गप्प बसले. तुझा भाऊ तुला एक दिवससुद्धा विसरला नव्हता, आत्या. विसरले ती मी."